मुलामेकाकांचा चिखल

मुलामेकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस गल्लीत आता उरलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी नळांच्या तोट्यांना, दारांच्या मुठींना, सायकलींच्या हँडलांना निकेल आणि क्रोमचा मुलामा चढवला, आणि तेवढ्या काळात गल्लीने त्यांच्या नावावरच मुलामा चढवून टाकला. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव वाचून आधी दोन घरं पुढे जायचा आणि मग कपाळावर हात मारून परत यायचा.

पुढे घर, मध्ये फरशीचं अंगण आणि मागे कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबट खोली. तिच्यात ओळीने सात टाक्या, कोपऱ्यात पॉलिशचं गरगर फिरणारं बफचं चाक, आणि त्या चाकापाशी अकरा वर्षं उभा असलेला एक अबोल माणूस, ज्याला सगळे बफवाला म्हणत. टाकीतून वस्तू बाहेर काढली की ती धुवावी लागते. निकेलनंतरचं धुणं हिरवट, क्रोमनंतरचं पिवळं. ते पाणी मागच्या मोरीतून ओढ्याला जायचं. गल्लीतल्या सगळ्याच कारखान्यांचं जायचं, आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. ओढ्याला कुठे तोंड होतं बोलायला?

पण एके दिवशी तपासनीस बाई आल्या. बाई मोठ्या सभ्य. चपला दाराबाहेर काढू का विचारलं, मोरीतून बाटलीभर पाणी घेतलं, दिलेला चहा पूर्ण प्यायल्या आणि पंधरा दिवसांनी नोटीस पाठवली. सहा महिन्यांत पाणी स्वच्छ करा, नाहीतर कारखाना बंद.

"बंद करू," काकांनी जेवताना जाहीर केलं. "अडुसष्ट वय झालं. किती दिवस हात पिवळे करून घ्यायचे?"

जेवायला चौघं होते. काका, काकू, विम्याच्या कंपनीत नोकरी करणारे त्यांचे चिरंजीव आणि सूनबाई. सूनबाई कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण काका तिच्याशी थेट बोलत नसत. राग-लोभ काही नव्हता. भीड होती. शिकलेल्या मुलीशी काय बोलायचं, हेच त्यांना सुचायचं नाही. म्हणून सगळा टपालव्यवहार काकूंमार्फत चाले. "तिला सांग, भाजी छान झालीय." समोरच बसलेल्या सुनेला काकू ते सांगत. "हे म्हणतात, भाजी छान झालीय." सूनही काही कमी नव्हती. "आई, बाबांना सांगा, थँक यू."

त्या दिवशी मात्र तिने हातातला घास खाली ठेवला.

"आई, बाबांना सांगा, सहा महिने पुष्कळ झाले. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही हेच करतोय. झाडं आणि चिखलातले जीवाणू धातू धरून ठेवतात. वर थोडी वीजही मिळते."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलंत?"

"ऐकलं," काका म्हणाले. "तिला विचार, वीज उलटी कशी मिळेल? मुलामा चढवायला मी वीज देतो. ती परत कोण देणार? चिखल?"

"हो," सून म्हणाली. "चिखलच."

चिरंजीवांना ठसका लागला. हसू दाबताना त्यांना नेहमी लागायचा.

पुढच्या रविवारी सूनबाईने भंगारवाल्याकडून सहा जुने फायबरचे आंघोळीचे टब आणले. एक गुलाबी, दोन निळे, बाकीचे एके काळी पांढरे असावेत. ते तिने अंगणात भिंतीलगत उतरते मांडले, एकाचं पाणी दुसऱ्यात थेंब थेंब पडेल असे. काका दारात उभे राहून बघत होते. अंगणात इतक्या जणांच्या आंघोळीची सोय त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

ती कोळशापासून बनवलेल्या काळ्या जाड कापडाचे तुकडे कापत होती. "हा एक तुकडा तळाला, चिखलात. तिथे हवा नाही. दुसरा वर, पाणकणसाच्या, म्हणजे पाणथळीतल्या त्या उंच गवताच्या मुळांपाशी, जिथे हवा पोचते. दोन्हींना तारा लावून बाहेर जोडायच्या. पाणकणीस मुळांतून थोडं गोड सोडतं, ते चिखलातले जीवाणू खातात. खाताना त्यांच्याकडून विजेचे कण सुटतात. हवा असती तर ते तिथल्या तिथे मार्गी लागले असते. हवा नाही, म्हणून ते खालच्या कापडाला देऊन टाकतात, आणि मग ते तारेतून वर येतात."

काका दोन पावलं पुढे आले. "म्हणजे टाकीत दोन पट्ट्या असतात, तसंच हे."

"अगदी तसंच."

"माझ्याकडे मी वीज ढकलतो, म्हणून पाण्यातला धातू वस्तूवर जाऊन बसतो."

"इथे ढकलणारे ते जीवाणू. आणि पिवळं क्रोम वरच्या कापडापाशी ते कण घेतं, हिरवट होतं, तळाला बसतं. पिवळं विषारी असतं, हिरवं बरंच निरुपद्रवी. निकेलचं काम चिखलातच होतं. तिथला वासाचा वायू निकेलला धरून खाली बसवतो."

"तार कसली लावलीस? ही? ही महिनाभरात गंजेल. थांब, मी देतो." असं म्हणून काका आत गेले आणि मुठीत चांगल्या तारेचं वेटोळं घेऊन आले. मग गुडघे मोडून तिच्याशेजारी बसले. तासाभराने काकू चहा घेऊन आल्या, तेव्हा सासरा आणि सून जोड कसा आवळायचा यावर वाद घालत होते. काकूंनी कप खाली ठेवले आणि आवाज न करता परत गेल्या. टपाल कचेरी बंद पडली होती, आणि पोस्टमास्तरीणबाईंना त्याचा आनंदच झाला होता.

राहिला प्रश्न चिखलाचा.

"ओढ्यातला हवा," सून म्हणाली. "खालच्या थरातला. काळा, आणि जिथे सर्वांत घाण वास येतो तिथला. सडक्या अंड्यासारखा. वास जितका वाईट तितका चिखल चांगला. मला आठवडाभर परीक्षांचं काम आहे. तुम्ही आणाल?"

"त्यात काय," काका म्हणाले.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, जी घरात काकूंखेरीज कुणाला माहीत नव्हती. काकांना वास येत नसे. क्रोमच्या टाकीवरची वाफ वर्षानुवर्षं नाकात जाऊन त्यांचं नाक आतून जळालं होतं. आधी फुलांचा वास गेला, मग साबणाचा, मग एका वर्षी सगळेच गेले. काकांनी ते कुणाला कळू दिलं नाही. तरुणपणी ते टाकीवर नुसतं वाकून, आज पाणी बिघडलंय की नाही ते सांगायचे. गल्लीत त्या नाकाचा दबदबा होता. आणि ज्या नाकावर माशी बसू दिली नाही, ते कामातून गेलं असं सांगायचं कुठल्या तोंडाने? काकूंनी मात्र पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं. करपलेलं दूध नवरा तक्रार न करता प्यायला, तेव्हाच. तेव्हापासून दूध नासलंय का, गॅस सुरू राहिलाय का, शर्ट आणखी एक दिवस चालेल का, हे सगळं त्या गुपचूप बघत. पाहुण्यांनी "काय सुंदर वास सुटलाय" म्हटलं की त्या टेबलाखालून नवऱ्याच्या पायाला पाय लावत, आणि काका म्हणत, "वा, घमघमाट."

तर काका दोन बादल्या घेऊन ओढ्यावर गेले. ओढ्याच्या काठाने अर्धा मैल फिरले. एका ठिकाणी त्यांना काळाकुट्ट, मऊ, लोण्यासारखा गाळ दिसला. याहून काळा काय असणार? त्यांनी बादल्या भरल्या. बफवाल्याला हाताशी घेऊन आठ खेपा केल्या, सहा टबांच्या तळाला गाळ पसरला, त्यावर खडी, खडीवर वाळू, आणि वर पाणकणसाचे गड्डे लावले. सून कॉलेजातून आली तेव्हा सगळं साग्रसंगीत तयार होतं.

"चिखलाला वास कसा होता?" तिने विचारलं.

"भयंकर," काका म्हणाले. "नाक फाटलं."

बफवाला तिथेच हात धूत होता. त्याने मान वर केली, काकांकडे पाहिलं आणि पुन्हा हात धुवायला लागला. तो गाळ म्हणजे पूर्वी ओढ्याकाठी असलेल्या बॉयलरची राख होती. त्यात वासही नव्हता आणि जीवही नव्हता. पण मालकाने नाक फाटलं म्हटल्यावर, फाटलं असेल बुवा.

पाच आठवडे गेले. सूनबाई रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी हातात मीटर घेऊन टबांपाशी उकिडवी बसायची. मिलिव्होल्टचा आकडा शंभराच्या घरात जायला हवा होता. तो चौदावर होता. मग अकरा झाला. मग नऊ. शेवटच्या टबातून निघालेल्या पाण्यात ती औषधाचे दोन थेंब टाकायची आणि पाणी जांभळं व्हायचं. जांभळं म्हणजे पिवळं क्रोम तसंच्या तसं पुढे आलंय. पाणकणसाची पाती टोकांपासून वाळत चालली होती.

तिने कापड बदललं, तारा बदलल्या, पाण्याचा वेग कमी केला. वहीत पानंच्या पानं लिहिली आणि खोडली. जेवणात तिचं लक्ष नसायचं. चिरंजीवांनी दोनदा विनोद करून पाहिला, तो वाया गेला. हे सगळं काका बघत होते. चिखलाचीच शंका त्यांना पहिल्या आठवड्यात आली होती, दुसऱ्यात ती पक्की झाली, आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्यांना झोप नीट लागत नव्हती.

"सांगून टाका ना," काकू म्हणाल्या.

"काय सांगू? की तिच्या पाच आठवड्यांचं मातेरं मी केलं?"

"हो. तेच."

"तू सांग."

"मी नाही," काकू म्हणाल्या. "आमची टपाल कचेरी बंद झालीय."

शेवटी एका सकाळी सूनच कारखान्यात आली. काका निकेलच्या टाकीपाशी होते. तिच्या हातात वही होती आणि डोळे तांबारलेले होते.

"बाबा, माझं चुकलं. प्रयोगशाळेत छोट्या बरणीत जमलं म्हणजे इथेही जमेल असं मी धरून चालले. तुम्हाला उगाच आशा लावली. तपासनीस बाईंना मी स्वतः भेटून सांगते."

काकांनी हातातल्या तोट्या पुन्हा टाकीत सोडल्या. रबरी हातमोजे काढले. ते काढायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

"तुझं नाही चुकलं," ते म्हणाले. "चिखल चुकलाय."

"असं कसं? तुम्हीच म्हणालात ना, नाक फाटलं."

"मला वास येत नाही."

"सर्दी झालीय?"

"एकतीस वर्षं झाली."

कोपऱ्यातलं बफचं चाक थांबलं. काका टाकीकडे बघत बोलत राहिले. सुरुवात कशी झाली, मग काय काय गेलं, आणि शेवटचा वास कसला आला होता तेही. तो त्यांच्या मुलाच्या नव्या दप्तराचा होता. मुलगा पहिल्यांदा शाळेत गेला त्या दिवशीचा. आपण ही गोष्ट इतकी सविस्तर कधी कुणाला सांगू शकू, असं त्यांना वाटलं नव्हतं. सांगून झालं तेव्हा त्यांना अंगावरची ओली घोंगडी काढल्यासारखं झालं, आणि आता सून ओरडेल म्हणून ते वाट बघू लागले.

सूनबाई ओरडली नाही. ती बफवाल्याकडे वळली.

"तुम्हाला येतो का हो वास?"

बफवाल्याने खांदे उडवले. "येतो. थोडा कमी झालाय दोन वर्षांत."

काकांना हे माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. अकरा वर्षं तो माणूस क्रोमच्या टाकीपासून चार पावलांवर उभा होता, आणि स्वतःचं झाकण्याच्या नादात त्यांच्या ते मनातही आलं नव्हतं. सुनेच्या पाच आठवड्यांपेक्षा हे त्यांना जास्त लागलं.

"टाकी झाक," ते बफवाल्याला म्हणाले. "क्रोमचं काम आजपासून बंद."

आणि ते खरंच बंद राहिलं. टाकीवर वाफ ओढून घेणारी पत्र्याची टोपी आणि पंखा बसला, दोघांना नीट बसतील असे मास्क आले, त्यानंतरच झाकण निघालं. त्या आठवड्यात सून दोघांना घेऊन नाकाच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी काकांच्या नाकात बॅटरी मारून बघितलं आणि मधला पडदा भोक पडून आरपार झालाय, वास आता परत येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. बफवाल्याचं नाक वेळेवर सापडलं होतं. घरी येताना रिक्षात सून म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"तीन वर्षं माझ्या भाज्या छान झाल्यात म्हणत होतात. ते कशावरून?"

"मीठ कळतं मला," काका म्हणाले. "मीठ, तिखट, गोड, आंबट. बाकी तुझ्या सासूच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायचो."

सून इतकी हसली की रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं.

नवा चिखल आणायला यावेळी काकू निघाल्या. काका बादल्या घेऊन पुढे, काकू मागे. लग्नानंतर सुरुवातीची काही वर्षं सोडली तर दोघं असे फिरायला गेले नव्हते, आणि आता गेले ते घाण शोधायला. काका गुडघाभर पाण्यात उतरले आणि खोऱ्याने गाळ उपसून वर धरू लागले. काकू काठावर उभ्या राहून नाक पुढे करत.

"हा?"

"छे. याला तर वासच नाही."

"हा?"

"हा मातीचा वास. चांगला आहे. नको."

"अगं, चांगला नको हे तुझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकतोय."

वळणापाशी एक झाड ओढ्यावर आडवं झालं होतं. त्याच्या फांद्यांत वर्षानुवर्षांचा पाला अडकून कुजला होता. काकांनी तिथे खोरं घातलं, आणि काकूंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"अहो, हाच," त्या बोटांच्या फटीतून म्हणाल्या. "बाहेर काढू नका. नाही, काढा. पण लांब धरा."

काका खोरं हातात धरून पाण्यात उभे होते. काकूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्या हसत होत्या. "तुम्हाला काहीच येत नाही? इतका सुद्धा नाही?"

"काहीच नाही."

"नशीबवान आहात," काकू म्हणाल्या.

ते ऐकून काकांनाही हसू फुटलं. एकतीस वर्षांत त्या नाकावरून दोघं एकत्र हसले ते पहिल्यांदाच.

सगळे टब उपसून पुन्हा भरावे लागले. या खेपेला सूनबाई स्वतः चिखलात हात घालून बसली आणि काकू खिडकीतून ओरडत राहिल्या की दारं लावून घ्या, पडद्यांना वास बसेल. पाणकणसाचे नवे गड्डे लावले. मग काकांनी आपलं एक म्हणणं मांडलं.

"तू एकदम सगळं पाणी सोडलंस मागे. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी अख्ख्या घराचं काम सांगतात का? आधी एक भाग आमचं पाणी, नऊ भाग साधं. मग हळूहळू वाढव."

"चालेल."

"आणि दुसरं. आम्ही वस्तू टाकीतून काढतो आणि लगेच धुवायला बुडवतो. तिच्यावरून ओघळणारं सगळं धुण्यात जातं. ती टाकीवरच धरून दहा मोजले, तर निम्मं टाकीत परत पडेल. माझे गुरू तसं करायचे. मला घाई असायची, म्हणून मी सोडून दिलं."

सून वही काढून लिहायला लागली. काकांचं बोलणं कुणी वहीत उतरवून घेत होतं, हेही त्यांच्या आयुष्यात नवीनच होतं. तेव्हापासून कारखान्यात बफवाला आणि काका वस्तू टाकीवर धरून मोठ्याने दहा मोजत. बाहेरून जाणाऱ्याला आत लहान मुलांची शाळा भरलीय असं वाटायचं.

बारा दिवसांनी मीटरवर दोनशे बाराचा आकडा आला. काकांनी तो तीनदा पाहिला, मीटर झटकून चौथ्यांदा पाहिला आणि कॉलेजात फोन लावला. तास चालू होता. सूनबाई वर्गाबाहेर धावत आली.

"काय झालं? आई बऱ्या आहेत ना?"

"दोनशे बारा," काका म्हणाले.

पलीकडून लगेच प्रश्न आला, "कुठल्या टबात?"

"गुलाबी."

पुढच्या महिन्यात सगळेच टब जागे झाले. साडेपाचशे, सहाशे. सहाही टब एकापुढे एक जोडल्यावर तीन व्होल्ट मिळाले, आणि एक हिरवा दिवा लुकलुकला, तोही भर दुपारी हाताचा आडोसा करून बघावा लागे असा. "याने घरातला पंखासुद्धा फिरणार नाही, बरं का," सुनेने आधीच बजावलं होतं. "वीज ही नुसती बोनस आहे. खरी उपयोगी आहे ती अशासाठी की आकडा पडला की समजायचं, आत जीवाणूंना काहीतरी बाधतंय." काकांना ते पटलं, पण बोनसही वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी एक भिंतीवरचं घड्याळ आणून त्याचा सेल काढला आणि तिथे तीन टबांच्या तारा जोडल्या. घड्याळ चालू लागलं. समोरच्या कारखान्यातला तोटीवाला, ज्याने आंघोळीचे टब बघून गल्लीभर हसं केलं होतं, तो मुद्दाम आत येऊन बघून गेला. चिखलावर चालणारं घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं, म्हणून त्याने नाक मुरडलं. काकांनी ते घड्याळ आधीपासूनच पुढे ठेवलं होतं, हे सांगायचं कारण नव्हतं.

सहा महिने भरले तेव्हा तपासनीस बाई आल्या. शेवटच्या टबाच्या तोंडाशी त्यांनी बाटली धरली. पाणी नितळ होतं. सूनबाई नखं खात होती, आणि काकूंनी बाईंना आग्रह करकरून दोन कप चहा पाजला, जणू त्याने निकाल बदलणार होता.

निकाल आला तो अर्धा गोड. क्रोम मर्यादेच्या खूप खाली होतं. निकेल अजून थोडं वर होतं. बाईंनी पत्रात लिहिलं होतं की सुधारणा स्पष्ट दिसते, म्हणून आणखी तीन महिने. चिरंजीव म्हणाले, "म्हणजे एका विषयात नापास. एटीकेटी." काकांनी त्यांना गप्प बसवलं, आणि आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली, ते स्वतः भंगारवाल्याकडे गेले आणि आणखी दोन टब घेऊन आले. आठ टब झाले. अंगणात कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. काकूंनी आठ दिवस कुरकुर केली आणि नवव्या दिवशी पाणकणसांच्या वर, भिंतीपासून भिंतीपर्यंत उंच दोरी बांधून घेतली. टाकीतलं जुनं दाट पाणी मात्र टबांना झेपणारं नव्हतं. ते पिंपांत भरून रीतसर प्रक्रियेच्या कारखान्याला पाठवावं लागे, आणि वाढलेली पाणकणसंही कापून तिकडेच, कारण त्यांच्या देठांत आता धातू होता. सूनबाईने हे काही लपवलं नाही. "झाडं जादू करत नाहीत, बाबा. धातू नाहीसा होत नसतो. आपण फक्त तो ओढ्याऐवजी आपल्या नजरेसमोर ठेवतो."

तीन महिन्यांनी निकेलही पास झालं. पत्र काकूंनी वाचून दाखवलं, काकांनी ते पुन्हा स्वतः वाचलं, आणि त्या दिवशी कारखान्याला दुपारनंतर सुटी दिली. बफवाला सुटी मिळूनही घरी गेला नाही. टबांपाशी कठड्यावर बसून राहिला, मग म्हणाला, "इथे बेडूक आलाय." सगळे बेडूक बघायला गेले.

हिवाळ्यात सूनबाईने काकांना कॉलेजात बोलावलं. तिच्या वर्गाला या टबांबद्दल सांगायचं होतं आणि तिचं म्हणणं, अर्धं तर तुमचंच आहे. काकांनी दोन दिवस ना-ना केलं. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते तिच्या स्कूटरवर मागे बसले. काकूंनी शर्ट हुंगून पसंती दिली होती.

वर्गात साठ मुलंमुली होती. सूनबाईने फळ्यावर टबाची आकृती काढली, थर दाखवले, आकडे सांगितले. मग काका उभे राहिले. घरी पाठ केलेलं सगळं ते विसरले. घसा खाकरून ते म्हणाले, "मी मुलामा चढवतो. आणि मला एकतीस वर्षं वास येत नाही. ते मी लपवलं, म्हणून यांचे पाच आठवडे वाया गेले, आणि माझ्याकडच्या माणसाचंही नाक जायचं, ते थोडक्यात वाचलं. तेव्हा पहिली गोष्ट, कामाने तुमच्या अंगाचं काही गेलं तर ते सांगा. लगेच सांगा. बाकी तांत्रिक माहिती मॅडम देतील."

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. चिखल बरोबर आहे हे शेवटी ओळखलंत कसं, असं तिने विचारलं. मग काकांनी काकूंची, खोऱ्याची आणि आडव्या झाडाची गोष्ट सांगितली, आणि तासाची घंटा झाली तरी मुलं उठली नाहीत. सूनबाई खिडकीपाशी हाताची घडी घालून उभी होती. तिने त्यांना थांबवलं नाही.

परतताना सिग्नलला ती म्हणाली, "मॅडम काय? घरी 'अगं' म्हणता ना?"

"कॉलेजात तू मॅडमच. घरी बघू."

स्कूटर पुढे निघाली. काकांनी तिच्या खांद्यावरून वाकून सांगितलं की समोरचा तोटीवाला काल बाटलीत स्वतःच्या मोरीचं पाणी घेऊन आला होता, लाजत लाजत. त्याचं पाणी तांब्याचं आहे, निळं.

"तांब्याला खडी वेगळी लागेल," सून म्हणाली. "बारीक."

"बारीक नको. बारीक तुंबते."

"बाबा, मी वाचलंय."

"मी चाळीस वर्षं तुंबलेल्या मोऱ्या काढल्यात."

खडीवाल्याचं दुकान येईपर्यंत वाद मिटला नाही. शेवटी त्यांनी दोन्ही प्रकारची एकेक गोणी घेतली. स्कूटरवर गोण्या आणि काका एकाच वेळी मावेनात, म्हणून गोण्या सुनेबरोबर पुढे गेल्या आणि काका इस्त्रीच्या शर्टात चालत घरी आले.